सात दिवसांची यॉट आणि आपले खलाशी

ईदच्या तिसऱ्या दिवशी एक जुना विद्यार्थी घरी आला. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यालगतच्या एका गावचा हा मुलगा. मामाकडं राहून बारामतीत शिकला. दहावीपर्यंत मी त्याला उर्दू आणि मराठी शिकवलं. पुढं पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, दोन वर्षं गोव्यात नोकरी केली, मग समुद्रावरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घेऊन ‘सीडीसी’ काढली. सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका. ती नसेल तर जहाजावर नोकरी मिळत नाही. आता तो मालदीवमध्ये एका भाड्यानं दिल्या जाणाऱ्या यॉटवर काम करतो.

शीरखुर्मा खाता खाता त्यानं मोबाइलवर यॉटची जाहिरात दाखवली. शनिवारी चढायचं, पुढच्या शनिवारी उतरायचं. आठ पाहुणे आणि पाच माणसांचा ताफा : कप्तान, इंजिन पाहणारा, आचारी, दोर-नांगर सांभाळणारा आणि पाचवा हा, स्टीवर्ड. रोज एक नवं बेट, निळंशार पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. पाहुण्यांनी नुसतं यायचं, बाकी सगळं ताफा करतो. जाहिरातीत चाळीसेक फोटो होते. त्यात जेवणाच्या ताटाचे नऊ होते. ताफ्याचा एकही नव्हता.

मी म्हटलं, “मजा आहे तुझी. लोक सात दिवसांसाठी लाखो रुपये मोजतात, तू बारा महिने तिथंच असतोस.”

तो हसला. “वां समंदर है सर, छुट्टी नै.”

मग त्यानं खरी अडचण सांगितली. त्याच्या अब्बांचं इंदापुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यांना ही नोकरी पसंत नाही. त्यांचं म्हणणं, आपल्या खानदानात पाण्यावर कुणी गेलं नाही. दुसऱ्याची ताटं उचलायला एवढ्या लांब कशाला जायचं? दुकान आहे, ते सांभाळ. मुलगा मला विचारत होता, “सर, आपल्यातल्या कुणी असं काम आधी केलंय का?”

त्याला तेव्हा मी एका वाक्यात उत्तर दिलं, “केलंय, आणि शेकडो वर्षं केलंय.” पण एका वाक्यानं त्याच्या अब्बांचं समाधान होणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उरलेला भाग आहे.

शिकारीपासून सुट्टीपर्यंत

आधी यॉट या शब्दाकडं पाहू. तो मूळचा डच. डच भाषेत ‘याख्त’ म्हणजे शिकार, पाठलाग. सोळाव्या-सतराव्या शतकात उथळ पाण्यात वेगानं पळणाऱ्या हलक्या नौकांना हे नाव होतं. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स परागंदा असताना हॉलंडमध्ये राहिला होता. १६६० मध्ये तो गादीवर बसायला परतला, तेव्हा अॅमस्टरडॅम शहरानं त्याला ‘मेरी’ नावाची यॉट भेट दिली. पुढच्याच वर्षी चार्ल्स आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी थेम्स नदीवर पैज लावून यॉटची शर्यत केली. पाठलागाची नौका राजाच्या हौसेची झाली ती अशी.

ती हौस इंग्रजांबरोबर आपल्याकडंही आली. मुंबईत १८४६ मध्ये यॉट क्लब निघाला. गेटवे ऑफ इंडियाजवळची त्याची इमारत अनेकांनी बाहेरून पाहिली असेल. आपल्या आजोबा-पणजोबांनाही ती बाहेरूनच पाहता आली असती, कारण आरंभीची कित्येक दशकं तो गोऱ्यांचाच क्लब होता.

या हौसेला घराघरात नेलं ते एका बाईनं. लेडी अॅना ब्रॅसी आपल्या कुटुंबासह ‘सनबीम’ नावाच्या यॉटवरून १८७६-७७ मध्ये जगाला फेरी मारून आल्या. त्यांचं प्रवासवर्णन १८७८ मध्ये छापलं आणि भरपूर खपलं. जहाजावर एकूण त्रेचाळीस माणसं होती आणि त्यातली बहुतेक नोकर किंवा खलाशी होती. ब्रॅसीबाईंनी पुस्तकात त्यांची यादी नावानिशी दिली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पण आपल्या विद्यार्थ्याच्या नोकरीसारखा धंदा, म्हणजे ताफ्यासह यॉट आठवड्याच्या बोलीनं भाड्यानं देणं, हा बराच अलीकडचा. वेस्ट इंडीजमध्ये त्याची सुरुवात सांगतात ती अशी. दुसरं महायुद्ध संपल्यावर व्हर्नन निकल्सन नावाचे ब्रिटिश नौदलातले निवृत्त अधिकारी ‘मॉलीहॉक’ या शिडाच्या जहाजातून कुटुंबासह निघाले आणि १९४९ मध्ये अँटिग्वा बेटाच्या इंग्लिश हार्बर या बंदरात थांबले. बेटावर सुट्टीला आलेले श्रीमंत अमेरिकन विचारू लागले, आम्हाला आसपासची बेटं फिरवून आणाल का? त्यातून धंदा उभा राहिला. मालदीवमध्ये पर्यटनाची सुरुवात त्यानंतरची, १९७२ ची.

यातली एक गोष्ट जाहिरातीत नसते. इंग्लिश हार्बरची गोदी अठराव्या शतकात ब्रिटिश नौदलासाठी बांधली गेली आणि ती बांधण्यात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे श्रम होते. २०१६ मध्ये युनेस्कोनं या गोदीला जागतिक वारशात घेतलं, तेव्हा त्या गुलामांच्या श्रमाची नोंद केली. बेटांवरच्या सुट्टीचा धंदा ज्या धक्क्यावर सुरू झाला, तो धक्का कुणी बांधला, हे कळायला एवढा काळ जावा लागला.

अबुल फजलची यादी

आता आपल्याकडं येऊ. जहाजावर कोण कोण काम करतं, याची एक सविस्तर यादी अकबराच्या काळात केली गेली. अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या शेवटी ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. तिच्यात ‘मीर बहरी’ म्हणजे जलखात्यावर एक प्रकरण आहे. तिथं त्यानं जहाजावरच्या माणसांचे बारा प्रकार सांगितले आहेत.

सगळ्यात वर नाखुदा, जहाज कुठं जायचं ते ठरवणारा धनी. मग मुअल्लिम, वाटाड्या. त्याला समुद्राची खोली आणि आकाशातले तारे दोन्ही कळले पाहिजेत. तांडेल खलाश्यांचा मुकादम. सरहंग जहाज धक्क्याला लावणं आणि सोडणं पाहतो. भंडारी कोठार सांभाळतो. कर्रानी हिशेब लिहितो आणि प्रवाशांना पाणीही वाटतो. सुक्कानगीर सुकाणू धरतो. पंजरी डोलकाठीवर चढून जमीन, जहाज किंवा वादळ दिसतंय का ते पाहतो. गुमती जहाजात शिरलेलं पाणी उपसतो. शेवटी खारवा, म्हणजे साधा खलाशी, जो शिडं चढवतो-उतरवतो आणि जहाजाला भोक पडलं तर पाण्यात बुडी मारून ते बुजवतो.

अबुल फजल पगारही देतो. बंगालमधल्या सातगाव बंदरात नाखुद्याला ४०० रुपये, मुअल्लिमला २००, तांडेलला १२०, कर्रानीला ५० आणि खारव्याला ४० रुपये व रोजचं जेवण. नाखुद्याला शिवाय जहाजात चार खण मिळत. त्यात तो स्वतःचा माल भरून नफा कमवे. पाण्यात बुडी मारणाऱ्याला मात्र धन्याच्या एक दशांश.

माझा विद्यार्थी पाहुण्यांना पाणी देतो, कोठारातल्या वस्तूंचा हिशेब ठेवतो. म्हणजे त्याचं पद नवं नाही. अबुल फजलच्या भाषेत तो थोडा कर्रानी आणि थोडा भंडारी आहे. आज त्याला स्टीवर्ड म्हणतात, एवढंच.

या यादीतले अर्धे शब्द आपण मराठीत रोज वापरतो आणि ते कुठून आले याचा विचारही करत नाही. फारसी ‘नाखुदा’ म्हणजे नावेचा धनी. त्याचा कोकणात ‘नाखवा’ झाला. ‘सरहंग’चा सारंग झाला. तांडेल तसाच राहिला. खलाशी अरबीतून आला. अरबी ‘सुक्कान’चं सुकाणू झालं. आमच्या बारामतीत तर राजकारणाच्या बातम्यांमुळं हा शब्द पेपरात सतत दिसतो. पक्षाचं सुकाणू कुणाच्या हाती, सुकाणू समितीत कोण कोण. ज्यानं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, तोही अरबी खलाश्याचा शब्द बोलतो. बंदर आणि दर्या फारसी, मोसम अरबी. समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत बसलेल्या आपल्या भाषेत समुद्राचं एवढं मीठ आहे.

आणि हे शब्द एकाच धर्माच्या घरात राहिले नाहीत. नाखवा, तांडेल, सारंग ही आडनावं किनाऱ्यावर कोळ्यांमध्येही सापडतात आणि मुसलमानांमध्येही. रत्नागिरीकडं खारवी समाज आहे, गुजरातेत खारवा. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा इतिहास वाचताना दौलतखान आणि दर्यासारंग ही नावं येतात. दर्यासारंग हे तर मुळात पदाचंच नाव. त्याच आरमारात कोळी आणि भंडारी होते. पाण्यावर माणसाला हात किती येतात हे आधी पाहिलं जातं.

केबिनसाठी भांडणारा प्रवासी

खलाशांची यादी झाली, आता पाहुण्याकडं पाहू. यॉटवरच्या पाहुण्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मजेशीर पूर्वज मला इब्ने बतूतामध्ये दिसतो.

मुहंमद तुघलकानं त्याला चीनच्या बादशहाकडं वकील म्हणून पाठवलं. १३४२ च्या सुमारास तो कालिकतला पोचला. तिथं चिनी जहाजं उभी होती. मोठ्या जहाजावर हजार माणसं असत, सहाशे खलाशी आणि चारशे सैनिक, असं तो लिहितो. खलाशांची मुलंबाळंही जहाजावरच राहत आणि लाकडी पेट्यांत भाजीपाला लावत. श्रीमंत प्रवाशांसाठी कुलूप लावता येईल अशा खोल्या होत्या आणि आत संडासाची सोय होती.

इब्ने बतूताला अशीच खोली हवी होती. कारभाऱ्यानं सांगितलं, चांगल्या खोल्या चिनी व्यापाऱ्यांनी जाता-येताच्या आधीच ठरवल्या आहेत. एक खोली आहे, पण तिला स्वतंत्र संडास नाही. इब्ने बतूताला ती पटली नाही. त्यानं आपलं सामान आणि माणसं शेजारच्या लहान जहाजावर हलवली आणि स्वतः जुम्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर थांबला. तेवढ्यात समुद्र खवळला. मोठं जहाज किनाऱ्यावर आपटून फुटलं. लहान जहाजाच्या लोकांनी ते पाहून शिडं उभारली आणि त्याला न घेताच ते निघून गेले. त्याच्याकडं अंगावरचे कपडे, थोडे पैसे आणि एक चटई एवढंच राहिलं.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हसतात. पण गोष्ट इथं संपत नाही. त्या लहान जहाजावर त्याच्या गुलाम बाया होत्या. त्यातली एक गरोदर होती, आणि तिचा पुढं मृत्यू झाल्याचं त्याला नंतर कळलं. आपला इतिहास सांगताना ही ओळ गाळायची नाही, असं मी ठरवलं आहे. अँटिग्वाच्या गोदीतले गुलाम दाखवायचे आणि इब्ने बतूताच्या खोलीतल्या गुलाम बायांवर पडदा टाकायचा, हा न्याय नाही. चैन कुणाचीही असो, तिच्या तळघरात कोण आहे हे पाहिलंच पाहिजे.

पुढं तो मालदीवला गेला आणि १३४३-४४ मध्ये तिथं काझी होता. त्याच्या वर्णनात तिथली बेटं माणसांनी भरलेली आहेत. मासे सुकवणारे, नारळाच्या काथ्याचे दोर वळणारे, समुद्रातून कवड्या गोळा करणारे लोक त्यात आहेत. तो काथ्या हिंदुस्थानात आणि येमेनमध्ये जात असे आणि त्यानं जहाजांच्या फळ्या शिवत. खिळ्यांनी ठोकलेली जहाजं खडकावर आपटली तर फुटतात, काथ्यानं शिवलेली जरा लवचिक असतात, हे कारणही तो देतो.

आजच्या जाहिरातीतलं बेट मात्र रिकामं असतं. वाळू, नारळ आणि दोन खुर्च्या. तिथं मशीद, शाळा, मासळी बाजार असेल असं वाटतच नाही. आपल्या लक्षद्वीपचंही असंच होतं. छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर वस्ती, बहुसंख्य लोक मुस्लिम. त्यातल्या मिनिकॉय बेटाची माहल भाषा मालदीवच्या दिवेहीसारखीच आहे आणि तिथले पुरुष पिढ्यानपिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जातात. म्हणजे ज्या बेटावर आपण सुट्टी घालवायचं स्वप्न पाहतो, तिथला माणूस दुसऱ्याच कुठल्या तरी जहाजावर कामाला असतो.

रत्नागिरीची माणसं, लंडनची जहाजं

या कामाचा आपल्याला सगळ्यात जवळचा अध्याय इंग्रजी अमलातला आहे. जहाजावरच्या आशियाई कामगारांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत. शब्द आपल्याच ‘लष्कर’वरून आलेला. पी अँड ओ कंपनीच्या प्रवासी जहाजांवर कामाची वाटणी ठरलेली होती. वर डेकवर रत्नागिरी आणि गुजरातकडचे मुस्लिम खलाशी. खाली इंजिनच्या भट्टीशी पंजाब आणि सरहद्दीकडचे मुस्लिम. जेवणाच्या दालनात गोव्याचे ख्रिस्ती. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. तांबड्या समुद्राच्या उन्हात वरच्या डेकवर साहेब-मडम आरामखुर्चीत बसत, तेव्हा त्यांच्या पायाखाली कुणीतरी भट्टीत कोळसा टाकत असे.

भरती सारंगामार्फत होई. सारंग आपल्या गावातले, नात्यातले तरुण घेऊन येई. त्यामुळं जहाजाचा डेक म्हणजे कोकणातल्या एखाद्या वाडीचाच तुकडा असायचा. सारंगाचा शब्द कायदा. तो कर्ज देई, कामाला लावी आणि कमिशनही खाई. लास्करांसाठी वेगळा भंडारी वेगळ्या चुलीवर त्यांच्या पद्धतीचं जेवण शिजवी. अबुल फजलचा भंडारी तीनशे वर्षांनी वाफेच्या जहाजावरही हजर होता, फक्त कोठारातून चुलीपाशी आला होता.

इंग्रज अधिकाऱ्यांना ही माणसं कामाला लावायची तर त्यांची भाषा यायला हवी होती. म्हणून कॅप्टन थॉमस रोबक यानं १८११ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक शब्दकोश छापला. शिडं, दोर, नांगर, हुकूम, सगळ्याचे खलाशी शब्द त्यात आहेत. त्या भाषेत अरबी, फारसी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्दांची खिचडी होती. उर्दू शिकवणारा म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. आपण उर्दू म्हटलं की मुशायरा आणि गझल आठवतो. पण हीच हिंदुस्थानी एकेकाळी जहाजावर दोर ओढायची भाषा होती आणि ती शिकायला साहेबाला शब्दकोश उघडावा लागत होता.

अप्रूप पुरे, आता हिशेब. लास्करांचा करार वेगळा असे. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, झोपायची जागा कमी आणि नोकरी हिंदुस्थानच्या बंदरातच संपवायची अट, म्हणजे विलायतेत उतरून जास्त पगाराची नोकरी धरायला नको. तरीही अनेक जण लंडनमध्ये अडकत. थंडीत रस्त्यावर मरणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा १८५७ मध्ये तिथल्या लाइमहाउस भागात आशियाई आणि आफ्रिकी खलाशांसाठी निवासगृह उघडलं. महाराजा दुलीपसिंगांनीही त्याला देणगी दिली होती.

१९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५० हजार लास्कर होते. दर सहा खलाशांमागे एक आपला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी जहाजं बुडवली, त्यात सुमारे ३,४०० लास्कर मेले आणि १,२०० कैदी झाले. हे सैनिक नव्हते. कुणी डेक पुसणारा, कुणी भट्टीवाला, कुणी ताटं उचलणारा.

मुंबईत मस्जिद बंदर भागात खलाशांचं निवासगृह आहे, ‘इंडियन सेलर्स होम’. तिथं या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं कोरलेलं स्मारक आहे. त्यांना कबर नाही, समुद्र हीच कबर. रमजानच्या खरेदीला आपण त्या भागातून कितीदा जातो. ब्रॅसीबाईंनी आपल्या त्रेचाळीस माणसांची नावं पुस्तकात दिली होती, ती जगभर वाचली गेली. ही दोन हजार नावं भिंतीवर आहेत आणि वाचणारा कुणी नाही.

मराठीत मुसलमानांचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण बादशहा, सुभेदार आणि लढाया मोजतो. विरोधकही तेच मोजतात आणि आपणही. मग वाद तलवारीभोवतीच फिरत राहतो. पण या समाजातला फार मोठा वर्ग कधीच बादशहा नव्हता. तो विणकर होता, कसाई होता, बागवान होता, तांबोळी होता, खलाशी होता. त्याचा इतिहास लिहिला तर भांडायला जागा कमी उरते आणि शेजाऱ्याशी नातं जास्त सापडतं.

उजनीच्या पाण्यावर

एवढं सगळं लिहून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली, त्याचं कारण सांगतो.

आमच्या भागाला समुद्र नाही, पण समुद्रासारखं पाणी आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. ११७ टीएमसीचा हा साठा. इंदापूर, करमाळा, दौंड तालुक्यांतली गावं, शेतं आणि जुने रस्ते त्याखाली गेले. माझ्या विद्यार्थ्याच्या दादांची जमीनही त्यातच गेली. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी खाली गेलं की उघडं पडतं आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. हिवाळा संपता संपता पाणी ओसरू लागलं की भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठावर रोहित येतात. मग पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. पूर्वी फक्त मासे धरणारे लोक आता पक्षी दाखवायला होडीतून फिरवतात. दीड-दोन तासांची ही आमची यॉट. इथंही पाहुणा असतो, ताफा असतो आणि बेटंही असतात, फुगवट्यात उरलेल्या टेकड्यांची.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नववीची सहल तिथं नेली. परत आल्यावर मी मुलांना ‘होडीतली सैर’ हा निबंध दिला. अडतीस वह्या तपासल्या. रोहितांचा गुलाबी रंग सगळ्यांनी लिहिला. लाइफ जॅकेटचा वास कुणीतरी लिहिला. कुणाचे चुलते पाण्याला घाबरले, तेही आलं. होडी चालवणाऱ्याचं नाव मात्र एकाही वहीत नव्हतं. वह्या तपासताना मला ते खटकलंही नाही. मी शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं काढल्या आणि गुण दिले. मलाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

मे २०२४ मध्ये याच पाण्यावर करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडं येणारी होडी वादळात उलटली. सहा माणसं बुडाली. ते सुट्टीला निघालेले पाहुणे नव्हते. पलीकडच्या गावाला जायचा तो रोजचा रस्ता होता. रस्त्यानं वळसा फार लांबचा, म्हणून होडी. तेव्हा आठवडाभर सगळीकडं चर्चा झाली, होडीत जॅकेटं का नव्हती, परवाना होता का, पूल कधी होणार. प्रश्न योग्यच होते. पण ते आपल्याला होडी उलटल्यावर सुचतात. होडीवाला रोज किती फेऱ्या मारतो, वारा सुटला तर ‘नाही’ म्हणायची त्याला मुभा आहे का, हे होडी तरंगत असताना विचारायला हवं.

समुद्रावरच्या कामगारांसाठी आता निदान कायदा आहे. २००६ चा सागरी कामगार करार भारतानं २०१५ मध्ये स्वीकारला. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, लेखी करार, ठरलेल्या वेळी पगार, हे त्यात आहे. लास्करांनी जे सोसलं त्याची ही उशिरा आलेली भरपाई म्हणायची. कागदावरचं सगळीकडं पाळलं जातं असं नाही. माझा विद्यार्थी सांगतो, पाहुणे रात्री दोनला उठून कॉफी मागतात तेव्हा दहा तासांचा हिशेब कोण धरतो? मजुराला त्याची मजुरी वेळेवर आणि पुरती द्यावी, ही शिकवण आपण मदरशातल्या लहान मुलांनाही देतो. तिच्यात त्याची झोपही मोजली पाहिजे.

अब्बांना काय सांगायचं

त्या दिवशी निघताना मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या.

एक, अब्बांना सांग की आपल्या खानदानात कुणी पाण्यावर गेलं नसेल, पण आपल्या लोकांत गेलेत. ताट उचलणं कमीपणाचं नाही. अबुल फजलला ते काम नोंदवण्याइतकं महत्त्वाचं वाटलं होतं. कमीपणा असेल तर तो पुरती मजुरी न देणाऱ्याचा.

दोन, करार नीट वाच. विश्रांतीचे तास रोज स्वतःच्या वहीत लिही. सीडीसी दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नकोस. रत्नागिरीच्या लास्करांकडं सागरी कामगार कराराचं संरक्षण नव्हतं. तुझ्याकडं आहे.

त्यानं मला विचारलं, “आणि सर, तुम्ही काय करणार?” थट्टेनंच विचारलं असेल, पण मी ते मनावर घेतलं. यंदा जानेवारीत आम्ही पुन्हा भिगवणला गेलो. होडीत बसण्याआधी मुलांनी होडीवाल्या काकांना नाव, गाव आणि किती वर्षं होडी चालवता, हे विचारलं. काका आधी बिचकले, त्यांना वाटलं काही तक्रार आहे. मग बोलायला लागले. त्यांच्या वडिलांचं घर आम्ही ज्या पाण्यावर तरंगत होतो त्याच्या तळाशी होतं. बोटानं जागा दाखवली. मुलं त्या जागेकडं बघत राहिली. तेवढ्यात समोरून रोहितांचा थवा उडाला, तो अर्ध्या मुलांनी पाहिलाच नाही.

मालदीवला परत गेल्यावर विद्यार्थ्यानं ताफ्यातल्या पाचही जणांची नावं आणि गावं पाठवली. एक मिनिकॉयचा आहे, एक रत्नागिरीचा. नोकरी त्यांची आहे, म्हणून ती नावं इथं देत नाही. माझ्या वहीत लिहून ठेवली आहेत, अबुल फजलच्या यादीच्या खाली.

अब्बांचा फोन परवा आला होता. दुकानात मोटर बांधत होते, मागं आवाज येत होता. म्हणाले, “सर, ते रत्नागिरीवाल्यांचं काय सांगितलंत पोराला? मला पण सांगा की एकदा.” हा लेख छापून त्यांच्या दुकानात घेऊन जाणार आहे.